अंगणवाडीच्या जननी : कै. ताराबाई मोडक

आपल्या जोयडा तालुक्यातील बहुतेक वाड्यांवर शाळेच्या आसपास एक लहानशी खोली आढळते आणि तिच्या दारावर कन्नड लिपीत एक शब्द रंगविलेला असतो. तो शब्द म्हणजे अंगणवाडी. कन्नडमध्ये, तेलुगूत, हिंदीत, फार काय पूर्वेकडील डोंगराळ राज्यांतही तो तसाच चालतो. मात्र मूळचा तो शुद्ध मराठी शब्द आहे, आणि तो कोणा सरकारी कचेरीत बसून घडविला गेला नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या एका गावात, मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेणाऱ्या एका विदुषीच्या खटपटीतून तो जन्मास आला. त्या विदुषीचे नाव ताराबाई मोडक. त्यांना जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. शब्द घरोघर पोहोचला, पण ज्यांनी तो दिला त्यांचे चरित्र आपल्या भागात फारसे कोणास ठाऊक नाही. ही उणीव अंशतः तरी भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

देवस्थानच्या स्मरणिकेत ताराबाईंचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही महाजन बंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ताराबाई या मूर्तिपूजक परंपरेतील नव्हत्या. त्यांचे माहेर प्रार्थना समाजाचे. पालखी, जत्रा, कौल, गाऱ्हाणे यांच्याशी त्यांच्या आयुष्याचा संबंध आल्याचे दिसत नाही. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. परंतु देवालय हे जसे उपासनेचे स्थान तसेच ते गावाने एकत्र येऊन काही उभे करण्याचेही स्थान आहे. वर्गणी कोणी किती द्यावी, मंडपाचे छप्पर कोणी शाकारावे, जत्रेच्या दिवशी पाण्याची व्यवस्था कोणी पाहावी, हे आपले पूर्वज एकत्र बसून ठरवीत आले. ताराबाईंनी नेमकी हीच रीत लहान मुलांच्या शिक्षणाला लावली. या दृष्टीने पाहता त्यांचे कार्य महाजन घराण्यांना परके वाटू नये.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे सुधारक विचारांचे गृहस्थ होते, आणि आई उमाबाई याही त्याच वातावरणात वावरणाऱ्या. मुलींना शिकवावे की नाही यावर त्या काळी घरोघर वाद होत. केळकरांच्या घरी तो वाद नव्हता. तारा केळकर १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्या काळी पदवीधर महाराष्ट्रीय स्त्रिया बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते. पुढल्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

हा संसार टिकला नाही. त्याची कारणमीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. १९२१ च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झाली आणि लहानग्या मुलीला, प्रभाला, घेऊन ताराबाई स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. त्यांचे वय त्या वेळी एकोणतीस वर्षांचे. पतीपासून वेगळी झालेली स्त्री कितीही शिकलेली असो, समाज तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना जुन्या पिढीतील वाचकांना सहज येईल. ताराबाईंनी रड मांडली नाही. काठेवाडात राजकोट येथे स्त्रियांच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्येची जागा मिळाली, ती त्यांनी स्वीकारली. नोकरी मानाची होती, पगार होता, मुलीच्या भवितव्याची सोय होती. असे असूनही थोड्याच काळात ती त्यांनी सोडली. कारण शेजारच्या भावनगर संस्थानात काय चालले आहे, हे त्यांच्या कानी आले होते.

भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी १९१० साली दक्षिणामूर्ती नावाचे विद्यार्थिभवन स्थापन केले होते. नावाचा अर्थ आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. वटवृक्षाखाली दक्षिणेकडे मुख करून बसलेला शिव, जो मौनानेच शिष्यांचे संशय फेडतो, तो दक्षिणामूर्ती. बालशिक्षणाच्या संस्थेला हे नाव लाभावे हा योगायोग मला तरी फार अर्थपूर्ण वाटतो. मुलाला शिकविताना शिक्षकाने बोलणे कमी करावे, मुलाच्या हातांना काम द्यावे आणि आपण बाजूला राहून पाहावे, हाच पुढे तेथल्या बालमंदिराचा आत्मा ठरला. मौन धारण करणारा गुरू आपल्या पुराणांत पूर्वीच होता. शाळेत मात्र तो क्वचितच दिसे.

या संस्थेत गिजुभाई बधेका हे वकिली सोडून १९१६ मध्ये दाखल झाले होते. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी रोम शहराच्या एका गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मुलांचे घर उघडले होते. भिंतींची नासधूस करीत हिंडणारी मजुरांची मुले तेथे काही महिन्यांत शांतपणे काम करू लागली, ही वार्ता जगभर पसरली. गिजुभाईंनी त्या पद्धतीचा अभ्यास केला आणि १९२० साली भावनगरात बालमंदिर सुरू केले. मुलांमध्ये मूल होऊन वावरणाऱ्या या गृहस्थांना गुजरातेत लोक कौतुकाने मिशा असलेली आई म्हणत.

ताराबाई १९२३ च्या सुमारास त्यांना येऊन मिळाल्या. त्यांनी गुजराती आत्मसात केली, ती इतकी की पुढे त्या भाषेत त्या लेखन-संपादन करू लागल्या. एक महाराष्ट्रीय विदुषी आणि एक गुजराती वकील यांच्या या सहकार्यातून बालगीते, गोष्टी, पालकांसाठी पुस्तिका यांचे मोठे भांडार निर्माण झाले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाची शिक्षण पत्रिका प्रथम गुजरातीत निघाली, आणि १९३३ पासून ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती चालविली. मराठी आईबापांना मुलाच्या मनाचा विचार करावयास शिकविणारे असे नियतकालिक त्यापूर्वी क्वचितच निघाले असेल.

येथे थोडे थांबून या पद्धतीचे मर्म पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व कार्य त्यावर आधारलेले आहे. आपल्याकडे मुलाला शाळेसाठी तयार करणे म्हणजे त्याच्याकडून अक्षरे आणि पाढे घोकून घेणे, अशी समजूत होती आणि अजूनही आहे. ताराबाईंच्या मते तयारी हातांची, डोळ्यांची, कानांची आणि मनाची असते. तीन वर्षांचे मूल तांब्यातून पेल्यात पाणी ओतते, न सांडता ओतावयास शिकते, तेव्हा त्याच्या मनगटाला जी स्थिरता येते तीच पुढे लेखणी धरण्याच्या कामी येते. बिया रंगाप्रमाणे वेगळ्या केल्या, लहानमोठ्या काठ्या उतरत्या क्रमाने लावल्या, की गणिताचा पाया पडतो. गोष्ट ऐकून ती स्वतःच्या शब्दांत सांगता आली, की वाचनाचा. आपला डबा आपण धुणे, आपली चटई आपण गुंडाळणे, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबणे, हे सारे त्यात आले. अक्षर सर्वांच्या शेवटी येते, आणि असे तयार झालेले मूल ते फार लवकर उचलते.

माँटेसरीबाईंनी यासाठी खास साधने बनविली होती : खाचांत बसणारी लाकडी सिलिंडरे, ठोकळ्यांचा मनोरा, बोट फिरविण्यासाठी खरखरीत कागदाची अक्षरे. साधने उत्तम, परंतु महाग. शहरातील सधन पालकांच्या शाळांनाच ती परवडत. आणि त्यांत फेरफार करण्यास माँटेसरीबाई फारशा राजी नसत. ताराबाई व गिजुभाई यांनी ही पद्धत मनापासून स्वीकारली, पण तिचे दास्य पत्करले नाही. गाणी, गोष्टी, नाट्य, मातीकाम यांना त्यांनी बालमंदिरात मानाचे स्थान दिले. खरखरीत अक्षरांचेच पाहा. वाळू वा बारीक माती पसरलेल्या धूळपाटीवर बोटाने श्रीगणेशा गिरविणारे आपले आजे-पणजे निराळे काय करीत होते? दोष धूळपाटीचा नव्हता. तो पंतोजींच्या छडीचा होता.

भावनगरहून ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. तेथे मराठीतून बालशिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही चालू झाले. या काळाचा तपशील विस्ताराने देण्याचे कारण नाही. संस्था नावारूपास आली, मुंबईतील सुशिक्षित कुटुंबे आपली मुले मोठ्या विश्वासाने तेथे पाठवू लागली. १९३९ मध्ये गिजुभाई निवर्तले आणि दोघांनी मिळून वाहिलेला भार ताराबाईंच्या एकटीच्या खांद्यावर आला.

पन्नाशी उलटल्यावर एखाद्याने या यशावर समाधान मानले असते. ताराबाईंना मात्र एक गोष्ट बोचत होती. आपण जी विद्या देत आहो ती ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, खेळणी आहेत, शिकलेली आई आहे, त्यांच्याच मुलांना मिळते. ज्या मुलाच्या घरी यांपैकी काहीच नाही त्याला या विद्येची खरी गरज, आणि तेच तिच्यापासून दूर. नेमके याच वेळी, १९४५ च्या आरंभी, कारागृहातून सुटून आलेल्या गांधीजींनी सेवाग्राम येथे नयी तालीमचा विस्तार करून सात वर्षांखालील बालकांचाही तीत समावेश केला होता. खेड्यात बालशिक्षण नेता येईल काय, हा प्रश्न देशापुढे आला होता. ताराबाईंनी तो प्रयोग स्वतःच करावयाचे ठरविले. २४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डी हे समुद्रकाठचे, चिकूच्या वाड्यांचे गाव, डहाणूच्या उत्तरेस. गोखले एज्युकेशन सोसायटीचे विद्यालय तेथे नावाजलेले होते आणि आचार्य शंकरराव भिसे यांच्यासारखे ध्येयवादी शिक्षक तेथे राहून आदिवासींची सेवा करीत होते. भूमी अशी नांगरलेली होती म्हणून ताराबाईंना तेथे पाय रोवता आला. परंतु त्याच मुलखात वारली समाज सावकार आणि जमीनदार यांच्या वेठबिगारीखाली पिचून गेला होता. १९४५ सालीच गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणू भागात त्या वेठीविरुद्ध मोठा लढा उभा राहिला. अशा धगधगत्या प्रदेशात एक मध्यमवयीन शहरी बाई लहान मुलांना गाणी शिकवावयास आली, हे कित्येकांना हास्यास्पद वाटले असेल.

या कामी त्यांना जी सहकारी लाभली तिच्यावाचून ताराबाईंचे चरित्र पुरे होत नाही. अनुताई वाघ या मोरगावच्या. बालपणीच विवाह आणि तेराव्या वर्षी वैधव्य, असे दुर्दैव त्यांच्या वाट्यास आले होते. शिक्षण घेऊन त्या पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापिका झाल्या होत्या. बोरिवलीस भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरास त्या गेल्या असता ताराबाईंची गाठ पडली, आणि पुण्याची स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. एक संसार मोडलेली, दुसरी संसार होण्यापूर्वीच विधवा झालेली. समाजाने ज्यांना घराच्या अंगणातही मोकळेपणाने उभे राहू दिले नसते, अशा या दोघींनी गावोगावची अंगणे मुलांसाठी मोकळी केली.

बोर्डीस प्रथम रीतसर बालवाडी उघडली. जी मुले येणार ती आली. आदिवासी पाड्यांवरील व गरीब वस्त्यांतील मुले आली नाहीत. याचे खापर पालकांच्या अज्ञानावर फोडणे सोपे होते. ताराबाईंनी कारणे शोधली. आईबाप पहाटे मजुरीला जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाला दूर नेऊन पोहोचविणार कोण? मोठी बहीण धाकट्या भावाला कडेवर घेऊन घर राखते. ती त्याला सोडून कोठे जाणार? अंगावर धड वस्त्र नाही, त्यामुळे गावातील मुलांत बसण्याची लाज. आणि परक्या, पांढरपेशा माणसाची पिढ्यान्पिढ्यांची धास्ती. कारणे अशी असतील तर बोलावणी धाडून काय उपयोग? तेव्हा शाळेनेच चालत जावे हे उत्तम.

सेविका सकाळी पाड्यावर जाई. एखाद्या घरच्या बाईकडून तिचे सारवलेले अंगण तासा-दोन तासांसाठी मागून घेई. मुले गोळा करी, त्यांची तोंडे, हातपाय धुई, केस विंचरी, नखे काढी. मग गाणे, गोष्ट, खेळ. साधने जागच्या जागी मिळत : पाने, फुले, खडे, शिंपले, चिंचोके, काड्या, माती. गावचा सुतार व कुंभार यांच्याकडून थोड्या खर्चात काही वस्तू करून घेतल्या जात. आया कामावरून येता-जाता दुरून पाहत, मग कुंपणाशी येत, मग आत येऊन बसत. जिचे अंगण, तिला वाटे ही शाळा माझी. हीच ती अंगणवाडी. देणगी म्हणून तिने पैसा दिला नाही, तो तिच्याजवळ नव्हताच. तिने अंगण दिले.

पुढे १९५७ साली संस्थेने आपले काम बोर्डीहून काही मैल आत कोसबाडच्या टेकडीवर नेले. येथे वारल्यांची वस्ती विरळ, पाडे एकमेकांपासून दूर. येथील प्रयोग अधिक धाडसाचे झाले. शिकण्याच्या वयाची पुष्कळ मुले सावकाराची वा स्वतःची गुरे राखीत. त्यांना गुरे सोडून या असे सांगणे म्हणजे घरची चूल विझवा असे सांगणे. म्हणून शिक्षक कुरणावर जाऊ लागले; गुरे चरत असताना झाडाखाली शिकविणे चाले. हिला कुरणशाळा असे सार्थ नाव मिळाले. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असावी, ही विकासवाडीची कल्पनाही येथेच फळास आली. तीत व्यवहारज्ञान मोठे होते. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित राहिले की मोठी मुलगी शेजारच्या वर्गात बसू शकते. मुलींच्या शिक्षणावर आपण व्याख्याने पुष्कळ ऐकली. तिच्या कडेवरचे मूल उतरवून घेण्याची युक्ती कोसबाडला निघाली. शिवाय बालवाडीतून पहिलीत जाणाऱ्या मुलाला दार बदलावे लागत नसे, माणसे बदलत नसत. पहिल्या इयत्तेची भीती त्यामुळे निम्मी कमी होई.

आणखी एक गोष्ट. वारली बोली ही पुस्तकी मराठीहून बरीच निराळी. मुलाला आपली भाषा येत नाही, असे म्हणण्याऐवजी आपल्यालाच मुलाची भाषा येत नाही, असे मानून सेविकांना तेथे काम करावे लागे. प्रथम घरची बोली, तीत गाणी-गोष्टी, आणि त्या वाटेने हळूहळू पुस्तकाची भाषा.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. जोयडा तालुक्यातील मुलांच्या बाबतीत ती जशीच्या तशी लागू आहे. घरी कोंकणी, देवळात आरती-भजन मराठी, शाळेत बहुधा कन्नड. कुणबी वाडीवरचे, गवळीवाड्यावरचे किंवा सिद्दी वस्तीवरचे पाच-सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात पाऊल टाकते तेव्हा ते एका दिवसात तीन मुलखांतून प्रवास करते. पाऊसकाळी ओहोळ भरले की वाट बंद. घरे रानात विखुरलेली, एका घरापासून दुसरे हाकेच्या अंतरावर नाही. काळी नदीवरील सुपे धरणात जुने सुपे गाव आणि आसपासची वस्ती गेली. कित्येक कुटुंबे रामनगरास जाऊन राहिली, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. गाव उठले की देव हलविता येतो, घर पुन्हा बांधता येते. परंतु मुलांना सांभाळणारे शेजार नवीन जागी सहज उगवत नाही. ताराबाईंनी डहाणूच्या रानात जे प्रश्न पाहिले ते आपल्या उंबरठ्यावरचेच आहेत, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आपल्या देवालयांचे सभामंडप सकाळची पूजा आटोपली की माध्यान्ह आरतीपर्यंत बहुधा मोकळे असतात. जमीन गार, छप्पर भक्कम, विहीर जवळ. ज्या वाडीवर अंगणवाडीची खोली गळते किंवा जेथे ती अजून बांधलीच नाही, तेथे मंडपाचा एक कोपरा चार महिने पावसाळ्यात देता येईल काय, याचा विचार महाजनांनी एकदा सभेत करण्यासारखा आहे. त्यात अडचणी आहेत हे मी जाणतो. सोवळ्याचा प्रश्न निघेल, कोणत्या वस्तीची मुले येणार हा प्रश्नही निघेल, आणि दुसरा प्रश्न पहिल्याच्या आड लपून येईल. सर्व वस्त्यांची मुले एका अंगणात बसणार नसतील तर ती अंगणवाडी नव्हे, एवढे ताराबाईंच्या कार्यावरून स्पष्ट आहे. साधनांची तर आपल्याकडे ददात नाही : सुपारी, जायफळ, गुंजा, बांबूच्या कांड्या, रानातली नाना आकारांची पाने. कुळागरात वाढलेल्या मुलाला मोजावयास शिकविण्यासाठी शहरातून डबे मागविण्याचे कारण काय?

ताराबाईंच्या कार्याला एक राजकीय बाजूही होती. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. त्या वेळी आपला कारवार जिल्हा मुंबई इलाख्यातच मोडत होता. १८६२ पासून १९५६ पर्यंत तो त्या इलाख्यात होता. म्हणजे सुपे भागाचे कायदे ज्या सभागृहात होत, त्याच सभागृहात ताराबाई बसत. तथापि सत्तेच्या वर्तुळात त्या रमल्या नाहीत. त्यांचे मन बोर्डीतच होते.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्यानंतरही कोसबाडशी त्यांचे नाते तुटले नाही. बालसेविकांचे प्रशिक्षण, लेखन, सल्लामसलत हे वय झाल्यावरही चालूच राहिले. दैनंदिन कारभार मात्र अधिकाधिक अनुताईंच्या हाती गेला. ताराबाईंच्या स्वभावात कणखरपणा होता आणि कामाची घडी बिघडलेली त्यांना खपत नसे. अशा माणसाला आपल्या हयातीत सूत्रे दुसऱ्याच्या हाती देणे जड जाते. ताराबाईंनी ती दिली. आपल्याकडील कित्येक संस्थांचे चालक एवढे शहाणपण दाखविते तर त्या संस्था आज अधिक सुदृढ असत्या.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. आपल्या राज्यातील टी. नरसीपूर हे त्यांपैकी एक. योजनेच्या केंद्राला नाव हवे होते. ते कोसबाडच्या अनुभवातून अंगणवाडी असे मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, रुग्णालयाकडे पाठवणी, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा त्या एका खोलीत आल्या. देशातील कोट्यवधी बालकांच्या तोंडी त्यामुळे घास गेला, हे पुण्य लहान नाही. परंतु सहांपैकी शेवटची सेवा, जी ताराबाईंची पहिली होती, ती नोंदवह्या, वजनकाटा आणि शिधा यांच्या गर्दीत पुष्कळदा मागे पडते. दोष सेविकेचा नव्हे. एका बाईने स्वयंपाकावर लक्ष ठेवावे, गरोदर स्त्रियांच्या घरी जावे, तक्ते भरावेत आणि वर गाणेही म्हणावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. बोर्डीला तिच्या जोडीला अंगणाची मालकीण होती, कुंभार होता, कुंपणाशी उभ्या राहणाऱ्या आया होत्या. आपल्या राज्यात अंगणवाडीच्या साहाय्यासाठी बालविकास समित्या नेमण्याची पद्धत आहे. त्यांच्या बैठकीला गावची जाणती माणसे किती वेळा जातात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन वर्षांपासूनचे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले. ताराबाई भावनगरला गेल्या त्याला तेव्हा सत्त्याण्णव वर्षे होत आली होती.

अनुताई ताराबाईंच्या मागे एकोणीस वर्षे कोसबाडला राहिल्या. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दृष्टी व शरीर थकले तरी त्यांनी ती टेकडी सोडली नाही, आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या निवर्तल्या. पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या सेविका तोवर त्यांच्या हाताखाली तयार होऊन निरनिराळ्या जिल्ह्यांत पांगल्या होत्या.